डिझेलच्या वहीतला युरियाचा रकाना

बडोद्याच्या मकरपुऱ्यातील आमच्या आवारात प्रत्येक ट्रकच्या डिझेलच्या नोंदीशेजारी युरियाचा एक रकाना असतो आणि तो तपासल्याखेरीज मी महिन्याचा हिशेब बंद करत नाही. डिझेल ट्रकच्या धुरातला विषारी वायू कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीतून फवारल्या जाणाऱ्या द्रावणाचा हा रकाना; चालक, मिस्त्री आणि पंपावरची मुले या द्रावणाला सरळ युरियाच म्हणतात. बिलावर ते डीईएफ, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणून येते. बहुतेक मालक या रकान्याकडे केवळ खर्च म्हणून पाहतात आणि मागच्या महिन्यापेक्षा आकडा कमी दिसला की समाधान मानतात. माझा अनुभव असा आहे की गाडीची तब्येत, चालकाच्या सवयी आणि विकत घेतलेल्या मालाची शुद्धता यांच्याविषयी या एका आकड्यातून जेवढे कळते, तेवढे डॅशबोर्डवरच्या दिव्यांतून कळत नाही. म्हणून डीईएफचा खप एकाएकी घटला, तर मी तो वाढल्यापेक्षाही अधिक काळजीने पाहतो.

ही भानगड आपल्याकडे सर्वदूर पोहोचली ती १ एप्रिल २०२० रोजी, जेव्हा देशभर वाहनांच्या धुरासाठी भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. पाचवा टप्पा गाळून आपण चौथ्यावरून थेट सहाव्यावर गेलो. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली. जड वाहनांच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांची, म्हणजे नॉक्सची, मर्यादा चौथ्या टप्प्यात दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती. ती सहाव्यात स्थिर चाचणीसाठी ०.४० आणि बदलत्या वेगाच्या चाचणीसाठी ०.४६ ग्रॅम झाली. चौथ्या टप्प्यात काही कंपन्यांनी धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवून भागवले होते आणि काहींनी डीईएफचा मार्ग घेतला होता; सहाव्या टप्प्यात मात्र जड ट्रकसाठी डीईएफ नेहमीचेच झाले.

द्रावण साधेच आहे. वजनाने ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि उरलेले क्षारमुक्त पाणी, इतकेच. गरम धुरात ते फवारले की पाणी उडून जाते, युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि पुढच्या उत्प्रेरकावर, ज्याला आमचे चालक सायलेन्सरचाच भाग समजतात, तो अमोनिया नॉक्सशी संयोग पावून निरुपद्रवी नायट्रोजन आणि वाफ बनते. एक लिटर डीईएफमध्ये सुमारे ३५५ ग्रॅम युरिया असतो आणि रसायनशास्त्राच्या सरळ हिशेबाने तो साधारण अर्धा किलो नॉक्स संपवू शकतो. हा हिशेब मी नव्या चालकांना आवर्जून सांगतो, कारण शंभर लिटर डिझेलमागे पाच लिटर डीईएफ टाळले, तर अडीच किलोच्या आसपास विषारी वायू रस्त्यावर सोडला, हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो बदल होतो तो ‘प्रदूषण’ या शब्दाने होत नाही.

मालकांसाठी वेगळी गोष्ट सांगावी लागते. इंजिनात ज्वलन जितके गरम आणि कार्यक्षम, तितका नॉक्स जास्त, असा हा पेच आहे. नॉक्स इंजिनातच दाबायचा ठरवला तर ज्वलन थंड करावे लागते आणि ॲव्हरेज घटते. धुराच्या नळीत डीईएफने नॉक्स संपवता येतो, म्हणून कंपनीला इंजिन मोकळेपणाने, कमी डिझेलात चालेल असे जुळवता येते. म्हणजे डीईएफवर जाणाऱ्या पैशाचा काही भाग डिझेलच्या रकान्यात परत आलेला असतो. तो तिथे दिसत नाही, एवढेच.

आता त्या रकान्याविषयी. गाडीच्या बनावटीनुसार शंभर लिटर डिझेलमागे साधारण तीन ते सहा लिटर डीईएफ लागते आणि नेमका अपेक्षित आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस सेंटरकडे मिळतो. पण त्या आकड्यापेक्षा मला गाडीचा स्वतःचा इतिहास अधिक उपयोगी वाटतो. डीईएफ प्रत्येक डिझेलभरणीच्या वेळी भरले जात नाही, त्यामुळे एखाद्या भरणीवरून काढलेले प्रमाण हमखास फसवे निघते. दोन्ही टाक्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत भरलेल्या असताना सुरुवात करावी, मधल्या सगळ्या भरण्यांचे लिटर बिलांवरून मांडावेत, पुन्हा दोन्ही टाक्या त्याच खुणेपर्यंत भरल्यावर थांबावे आणि मगच भागाकार करावा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर किंवा पट्ट्यांवर हिशेब बसवू नये, कारण ते माप ढोबळ असते. शिवाय दहेजच्या बंदराकडे आखूड फेऱ्या करणारी गाडी आणि मुंबईच्या मार्गावर भरून पळणारी गाडी यांची आपसात तुलना करण्यात अर्थ नसतो. प्रत्येक गाडी तिच्याच मागच्या महिन्यांशी ताडून पाहावी.

प्रमाण वाढले तर पहिली शंका गळतीची. डीईएफची गळती शोधणे तसे सोपे, कारण पाणी उडून गेल्यावर जोडांवर आणि नळ्यांवर पांढरा खार चढतो आणि तो टॉर्चच्या उजेडात लगेच दिसतो. खार नसेल, तर द्रावणात पाणी घातलेले असण्याची शक्यता येते. धुराच्या नळीत उत्प्रेरकाच्या अलीकडे आणि पलीकडे नॉक्स मोजणारे सेन्सर असतात. पलीकडे नॉक्स जास्त आढळला की गाडीतला संगणक फवारा वाढवतो, म्हणजे पातळ द्रावणाची भरपाई गाडी जास्त द्रावण पिऊन करते आणि पाणी घालून विकणाऱ्याचा नफा आपल्याच रकान्यात तोटा म्हणून उतरतो. काही वेळा द्रावण ठीक असते, पण धूर परत फिरवणारा व्हॉल्व्ह नीट उघडत नसल्याने इंजिनातूनच नॉक्स वाढलेला असतो. आणि काही वेळा, स्पष्टच लिहितो, कॅन रस्त्यातच कुणाला तरी विकलेला असतो.

प्रमाण घटण्याची कारणे अधिक गुंतागुंतीची आहेत. धूर पुरेसा गरम नसेल, ढोबळमानाने दोनशे अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर संगणक फवारा थांबवतो, कारण थंड नळीत युरियाचे पुरते विघटन होत नाही. नर्मदेवर भरूचजवळ २०१७मध्ये नवा केबल पूल झाल्यापासून महामार्गावरची ती कुप्रसिद्ध रांग बरीच हटली आहे. तरी रासायनिक कारखान्यांच्या फाटकांबाहेर तासन्‌तास इंजिन चालू ठेवून थांबणाऱ्या गाड्या आजही दिसतात. अशा गाडीत डिझेल जळत राहते, डीईएफ मात्र लागत नाही, आणि प्रमाण खाली येते. ही घट निरुपद्रवी नसते. कमी तापमानाला जे थोडेफार फवारले जाते ते नळीच्या भिंतीवर आणि मिसळणीच्या पात्यांवर साचते. सुरुवातीचा साका कोमट क्षारमुक्त पाण्यात विरघळतो. पण तो तसाच भाजत राहिला तर त्यातून सायन्युरिक आम्ल आणि त्याच्या गोतातली संयुगे तयार होतात, जी पाण्याला दाद देत नाहीत. बडोदेकरांना हे ऐकून नवल वाटू नये. शहराच्या उत्तरेला फर्टिलायझरनगरमध्ये जीएसएफसी या खत कंपनीचा जो कारखाना आहे, तिथे खताच्या युरियाबरोबर मेलामाइनही बनते आणि मेलामाइन युरियापासूनच करतात. तापमान सांभाळले नाही, तर ट्रकची नळी त्याच रसायनकुळातला एक ओबडधोबड कारखाना होऊन बसते. असा साका घालवायला धूर बराच वेळ कडक गरम ठेवावा लागतो, म्हणजे भरलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर धावली पाहिजे किंवा उभ्या गाडीवर रीजनरेशन, म्हणजे धूर मुद्दाम तापवून साका जाळणे, करावे लागते. म्हणून दहेजच्या फेऱ्या करणारी गाडी अधूनमधून लांबच्या मार्गावर काढावी, असा माझा आग्रह असतो आणि गाड्यांची आखणी करणाऱ्या सहकाऱ्यांशी त्यावरून माझे खटके उडतात.

घट होण्याचे दुसरे कारण चालकाच्या हातात असते. किल्ली बंद केल्यावर डीईएफचा पंप लगेच थांबत नाही. तो उलटा फिरून नळीत आणि फवाऱ्याच्या तोंडाशी उरलेले द्रावण टाकीत परत ओढून घेतो आणि या कामाला मिनिट-दोन मिनिटे लागतात. बॅटरीचोरीच्या धाकाने किंवा केवळ सवयीने चालकाने किल्लीपाठोपाठ मेन स्विचही पाडला, तर ते द्रावण जागीच राहते आणि गरम तोंडाशी त्याचे स्फटिक होतात. असे रोज झाले की फवारा हळूहळू अरुंद होतो, प्रमाण हळूहळू घटते आणि एक दिवस दिवा लागतो. आमच्या आवारात मेन स्विचच्या शेजारी ‘आधी थांबा’ अशी चिठ्ठी गुजराती आणि हिंदीत चिकटवलेली आहे. मराठीत नाही, कारण मराठी वाचणारा चालक आमच्याकडे सध्या कुणी नाही.

दिवा लागल्यानंतरचा क्रम चालकांना नीट समजावून सांगितला पाहिजे, नाहीतर ‘भाऊ, गाडीचा पिकअप गेला’ असा फोन भलत्या वेळी येतो. आपली मानके ज्या युरो सहाच्या नियमांवर बेतलेली आहेत त्यांत टाकीत दहा टक्क्यांहून कमी द्रावण उरले की इशारा मिळतो, अडीच टक्क्यांच्या खाली गेले की इंजिनाची ओढ एक चतुर्थांशाने कमी केली जाते आणि टाकी रिकामी झाली की शेवटी गाडी ताशी वीस किलोमीटरवर जखडली जाते. द्रावणाची गुणवत्ता बिघडली किंवा फवारा बंद पडला, तर टाकी भरलेली असूनही हीच शिक्षा मिळते. फक्त ती तासांवर मोजली जाते, दहा तासांनी सौम्य आणि वीस तासांनी कडक. ‘टाकी तर भरलेली आहे’ हा चालकाचा युक्तिवाद म्हणूनच अपुरा ठरतो.

गुणवत्तेचा मुद्दा मात्र सविस्तर लिहिण्यासारखा आहे, कारण इथे सेन्सरवरचा विश्वास नडतो. टाकीत जो गुणवत्ता सेन्सर असतो तो बहुधा ध्वनिलहरींच्या वेगावरून द्रावणाची तीव्रता ओळखतो. मिस्त्री खिशात बाळगतात ते रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वळतो ते पाहणारे काचेचे यंत्र, तेही तीव्रताच दाखवते. आयएसओ २२२४१ या मानकाप्रमाणे युरियाचे प्रमाण ३१.८ ते ३३.२ टक्क्यांत असावे आणि या दोन्ही साधनांनी तेवढे तपासता येते. परंतु त्याच मानकात कॅल्शियम, लोह, सोडियम, पोटॅशियम यांसारख्या धातूंची मर्यादा प्रत्येकी दर किलोला अर्धा मिलिग्रॅम आहे आणि तांबे, जस्त यांची त्याहूनही कडक, ०.२ मिलिग्रॅम, ही बाब ना टाकीतला सेन्सर पाहू शकतो ना ते काचेचे यंत्र. एखाद्याने बोअरवेलच्या पाण्यात युरिया अचूक तोलून मिसळला, तर तीव्रतेच्या परीक्षेत ते द्रावण पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवराचे पाणी पिऊन बडोद्याच्या कित्येक पिढ्या वाढल्या, पण तेही इथे चालत नाही, कारण माणसाला हवे असलेले क्षार उत्प्रेरकाला नको असतात. ते त्याच्या पृष्ठभागावर बसत जातात आणि त्याची ताकद कायमची कमी करतात. नुकसान महिन्यांनी कळते, तोवर विकणाऱ्याने दुकान हलवलेले असते.

याहून वाईट प्रकार शेतीच्या युरियाचा. अनुदानित युरियाच्या ४५ किलोच्या गोणीचा भाव औद्योगिक वापराच्या युरियापेक्षा इतका कमी आहे की ती गोणी शेताऐवजी एखाद्या शेडमध्ये पोहोचवण्याचा मोह होणारच. हा वापर बेकायदा आहे. २०१५पासून शेतीसाठीच्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाले. त्यामागे गोणी इतरत्र वळवली जाऊ नये हाही हेतू होता. ते तेल द्रावणात उतरते आणि गाळण्या बुजवते. शेतीच्या युरियात बाययुरेट ही युरिया तापवताना तयार होणारी अशुद्धीही जास्त असू शकते, तर डीईएफसाठी त्याची कमाल मर्यादा ०.३ टक्के आहे. भाव संशयास्पद रीतीने कमी असेल, बादलीवर बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख नसेल, द्रावणाला पिवळट झाक किंवा तेलकट तवंग असेल, तर मी माल परत पाठवतो. चांगले डीईएफ पाण्यासारखे पारदर्शक असते आणि त्याला फार तर अमोनियाचा पुसटसा वास येतो. पुरवठादाराकडून प्रत्येक बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून खरेदी करू नये.

चांगला माल घेऊनही तो आवारात बिघडवता येतो. आमच्याकडे थंडीची चिंता नाही; उणे अकरा अंशांना गोठणारे हे द्रावण बडोद्यात गोठण्याचा प्रसंग येणार नाही. उन्हाळ्याची मात्र आहे. साठवणुकीचे तापमान पंचवीस अंशांपर्यंत असेल तर डीईएफ दीड वर्ष टिकते, तीस अंशांना एक वर्ष, पस्तीस अंशांना सहा महिने, आणि त्याहून जास्त तापमानात राहिलेला माल वापरण्यापूर्वी तपासून घ्यावा, असे मानक सांगते. एप्रिल-मेमध्ये बाहेरच चाळीस अंशांच्या वर पारा असताना पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल, याची कल्पना करावी. २०२१च्या ऑक्टोबरात चीनने युरियाच्या निर्यातीवर कडक तपासणी लावली आणि दक्षिण कोरियात ट्रक थांबण्याची वेळ आली, तेव्हा आमच्याकडेही काहींनी बॅरल साठवण्याची भाषा सुरू केली होती. साठा करावा, पण सावलीत, विटांच्या भिंतीच्या खोलीत आणि तारखेच्या क्रमाने, जुना माल आधी वापरून.

भांड्यांचे नियम थोडक्यात सांगतो. पितळ, तांबे, गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि साधे लोखंड वर्ज्य. स्टेनलेस स्टील किंवा योग्य प्रतीचे प्लास्टिक चालते. डिझेलचे नरसाळे डीईएफला लावू नये, धुऊनसुद्धा. बाटली कापून केलेले नरसाळे तर पाहताक्षणी फेकून द्यावे. चुकून डीईएफच्या टाकीत डिझेल गेले, तर इंजिन सुरूच करू नये, कारण एकदा पंपाने ते ओढले की रबरी सील फुगतात आणि टाकी धुण्याचे काम संपूर्ण यंत्रणा बदलण्यापर्यंत जाते.

नॉक्स सेन्सरबद्दल एक गोष्ट नोंदवतो. हा सेन्सर सिरॅमिकचा असतो आणि काम करताना कित्येक शे अंशांपर्यंत तापलेला असतो. त्यावर पाण्याचा थेंब पडला तर तडा जाऊ शकतो, म्हणून गाडी सुरू झाल्यावर नळी कोरडी होईपर्यंत संगणक त्याला थांबवून ठेवतो. त्याला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरकही नीट कळत नाही. फवारा जास्त होऊन अमोनिया पलीकडे निसटू लागला, तर सेन्सर त्यालाही नॉक्सच समजतो. अशा वेळी केवळ स्कॅनरवरचा बिघाडाचा कोड पाहून सेन्सर बदलणे म्हणजे हजारो रुपये अंधारात फेकणे होय. आधी रकान्यात प्रमाण वाढले होते की घटले होते, ते पाहावे. वाढले असेल तर शोध फवाऱ्यापासून सुरू करावा.

राहिला तो डबीचा विषय. इम्युलेटर नावाची छोटी डबी वायरिंगमध्ये जोडली की ती संगणकाला सगळे ठीक असल्याचे खोटे संदेश पाठवत राहते आणि डीईएफचा फवारा पूर्ण बंद पडतो. दिवा लागत नाही आणि गाडी ओढतेही छान. पीयूसी केंद्रावरही ती पकडली जात नाही, कारण डिझेल वाहनाच्या त्या चाचणीत धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स मोजत नाहीत. आणि काजळीचा फिल्टर शाबूत असेल तर धूर स्वच्छच दिसतो. ही लबाडी उघड करणारी जागा एकच, डिझेलच्या वहीतला हा रकाना: डिझेल नेहमीसारखे जाते आणि डीईएफ शून्यावर येते. काही जण त्यावरही उपाय काढतात आणि डीईएफची बिले तेवढी फाडत राहतात. अशा वेळी गाडी आवारात आल्यावर टाकीची पातळी काठी घालून मोजावी आणि भरल्याचे सांगितलेले लिटर टाकीत मुळात मावतात का, ते पाहावे.

सध्या सहाव्या टप्प्यातल्या वापरलेल्या गाड्या बाजारात येऊ लागल्या असल्याने ओळखीचे लोक खरेदीपूर्वी मला विचारतात. मी त्यांना रंग आणि टायर पाहण्याआधी मागच्या वर्षाची डिझेल आणि डीईएफ या दोन्हींची बिले मागायला सांगतो. बिले नसतील, तर स्कॅनर लावून जुने कोड कधी पुसले गेले ते पाहावे, वायरिंगमध्ये कंपनीचा नसलेला जोड शोधावा, डीईएफच्या टाकीचे निळे झाकण उघडून आतल्या जाळीवर तेलाचा थर आहे का ते बोट फिरवून बघावे आणि मालकाची परवानगी घेऊन गाडी भरलेल्या अवस्थेत निदान वासदच्या टोलनाक्यापर्यंत नेऊन आणावी, म्हणजे फवारा खरोखर चालू होतो की नाही ते स्कॅनरवर दिसते. विक्रेता यातल्या कशालाही नकार देत असेल, तर उत्प्रेरकाची पूर्ण किंमत भावातून वजा करूनच बोलणी करावीत.